झाकण न उघडता केलेली सही

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या एकतीस बिडी वळणाऱ्या बायकांवर, आणि त्या एकतीसांत सगळ्यांत जास्त मावशीवर. कधी झाला तेही सांगते, कारण अन्याय झाला एवढंच सांगायची आणि कधी ते विसरायची आपल्याला सवय आहे. गेल्या वर्षी, फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, निपाणीत, आमच्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत. लाईट गेली आणि आली. पंखा पुरता थांबलासुद्धा नाही. तेवढ्या वेळात एकतीस बायकांनी महिनाभर सांगितलेलं सगळं पुसलं गेलं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेज सोडल्यापासून हेच करते. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, दुसऱ्या ओळीत कधी झाला ते, शेवटी मागणी. हे मला आमच्या चळवळीतल्या थोरल्या कार्यकर्त्यांनी शिकवलं. पत्रकाच्या मधल्या भागात काय लिहायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही. तिथं आपण ठोकून देतो. ह्या गोष्टीचा मधला भाग मी एकदाही लिहिलेला नाही, कारण त्यात कंपनी आहे, कारखाना आहे, सरकारी अधिकारी आहे, आणि मी आहे.

आधी मावशी. ती माझी सख्खी मावशी नव्हे, आख्ख्या गल्लीची मावशी. नऊ वर्षांची असताना आईच्या सुपाशेजारी बसून पानं कापायला लागली ती साठी ओलांडेपर्यंत बिड्याच वळत होती. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात पानं. संध्याकाळी भरलेली पाटी घेऊन कारखान्यात जायचं, चेकरपुढं ओतायची, तो छाट काढणार, म्हणजे वाईट बिड्या बाजूला काढून डोळ्यांदेखत चुरगाळणार, उरलेल्या ठेवून घेणार. पन्नास वर्षं. आणि त्या पन्नास वर्षांनंतर कारखान्याचं म्हणणं काय, तर ही बाई आमची नव्हेच. आम्ही मुकादमाला ओळखतो, मुकादमाच्या घरामागं कोण बसतं ते आम्हाला ठाऊक नाही.

कारखान्यानं नाव लावलं नाही तर बिडी कामगाराचं ओळखपत्र मिळत नाही. ओळखपत्र नसेल तर कामगारांच्या दवाखान्यात मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळत नाही. दिवाळीपासून मावशीचा आवाज बसला होता. खोकला नाही, ताप नाही, नुसता घसा खरखरायचा. ज्यांनी आयुष्यभर जर्द्यात हात घातलेत त्या बायकांना ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. चिठ्ठी पाहिजे होती आणि लवकर पाहिजे होती.

आम्ही एकतीस जणींचा अर्ज केला. मार्चच्या पहिल्या गुरुवारी बेळगावात कामगार कचेरीत सुनावणी लागली. प्रत्येकीनं आपली जबानी लेखी आणावी असा निरोप आला, मराठीत आणाल तर सोबत कन्नडही आणा. हातानं लिहिलेलं कचेरीत बाजूला टाकतात हे मी पाहिलेलं होतं. म्हणून टाईप करायचं ठरवलं. त्यासाठी संगणक लागत होते, आणि ते आमच्याकडं नुकतेच आले होते.

कसे आले? माझ्या पत्रकामुळं आले. "बिडी कामगारांच्या मुलींनी काय फक्त पानंच कापायची? वीस संगणक मिळालेच पाहिजेत." मीच लिहिलेलं. बेळगावातल्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबांच्या हातात ते पडलं आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर वीस डबे टेम्पोतून उतरले. काळे, जाडजूड पुस्तकाएवढे, वजनाला हलके. सोबत जुने स्क्रीन. साहेबांनी भाषण केलं, पेढे वाटले, फोटो झाले. मग एक माणूस टाईप केलेला कागद घेऊन माझ्याकडं आला.

माझ्या शेजारी आक्का उभी होती. आक्का माझी चुलतबहीण, चौतीस वर्षांची, दहावी झालेली, आणि बिडीत हात असा की बघणाऱ्याला बोटं दिसत नाहीत. तिनं एक डबा हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेऊन हलवला.

"उघडून बघ की गं एक," ती म्हणाली.

मी तिला दबक्या आवाजात म्हटलं की आक्का, लोक बघायलेत, पाहुण्यांसमोर असं करत्यात व्हय.

"चेकर बिडीचा कट्टा सोडल्याबिगर हात लावतो काय आपल्या मालाला? एक पान फाटकं दिसलं तर पुरा कट्टा चुरगाळतो. आन् तू वीस डबे तोंड न बघता घ्यायलीस."

साहेब हसले. मलाही हसावं लागलं. कागदावर लिहिलं होतं, वीस नग, चालू स्थितीत मिळाले. मी त्याच्याखाली स्वतःच्या हातानं "वीस संगणक मिळाले, आभारी आहोत" असं जोडलं आणि सही केली. आभार मानायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिला डबा लावला. चालू झाला, पण मोठा वेळ कसला तरी सर्व्हर शोधत बसला. मला वाटलं सर्व्हर म्हणजे इंटरनेट, ते आमच्या खोलीत नव्हतंच. शेवटी "रद्द करा" दाबलं तेव्हा कंपनीचं चिन्ह असलेला निळा पडदा आला. त्यात लिहायची एक साधी वही होती. मराठी कीबोर्ड चालू केला. टाईप करता येत होतं. एवढं पुरे, मी म्हटलं. पेनड्राईव्ह लावून बघितला तर डबा तो ओळखतच नव्हता. ते नंतर बघू.

आता नीट वाचा, कारण इथं जे झालं ते मी सुनावणीत सांगितलं नाही आणि पत्रकातही लिहिलं नाही. पहिल्या संध्याकाळी मी डबा बंद करून घरी गेले. सकाळी चालू केला तर मराठी कीबोर्ड नव्हता. जणू मी तो कधी चालू केलाच नव्हता. मला वाटलं, माझंच काहीतरी दाबायचं राहिलं असेल. परत चालू केला. परत संध्याकाळी बंद, परत सकाळी गायब. दोनदा झालं. दोनदा त्या डब्यानं मला सरळ सांगितलं की मी काही लक्षात ठेवत नाही.

मी काय केलं? जुन्या पत्रकाच्या पाठीवर जाड पेनानं लिहिलं "बंद करू नका" आणि तो कागद स्विचवर चिकटवला. कारण विचारत बसण्यापेक्षा फलक लावणं मला सोपं जातं.

मग तो डबा महिनाभर बंद झाला नाही. समाजमंदिरात इन्व्हर्टर होता, त्यावर तो चालायचा. बाकीचे एकोणीस भिंतीला लागून रांगेत, कुणीतरी त्यांच्यावर झेंडूची फुलं ठेवलेली, ती तशीच वाळलेली. आक्का रोज सकाळी घरची चूल उरकून यायची. बायका एकेक करून समोर बसायच्या, काही सूप घेऊनच यायच्या, हात चालू ठेवून बोलायच्या. दहा दिवसांत आक्काची बोटं कीबोर्डवर बसली. ती मला म्हणाली की ह्यात दोरा बांधायचा न्हाय एवढं सोडलं तर काम तेच हाय.

मावशी पहिल्या आठवड्यात बसली. तीन दिवस बोलली. तेव्हा आवाज फुटका होता, पण होता. आम्ही तिला पहिली घेतली कारण तिची जबानी सगळ्यांना उपयोगी पडणार होती. बाकीच्या बायका म्हणायच्या, मी लई वर्षं केलं, लई हाल झालं. मावशी तसं काही म्हणायची नाही. ती सांगायची, लाल दोरा होता तो पिवळा कधी झाला. कोणता चेकर पाय ओढत चालायचा. कोणत्या चेकरला पाटीवरचं फडकं स्वच्छ लागायचं. आणि एक गोष्ट अशी सांगितली की आक्काचे हात थांबले.

"ते म्हणत्यात मी कारखान्यात आलेच न्हाय," मावशी म्हणाली. "तर मग इचार त्यास्नी, मागल्या खोलीत वजनकाट्याखालची फरशी कशी फुटलीया. आडवी न्हाय, कोपऱ्यातनं तिरकी. माझी पाटी तिच्यावर डुगडुगायची. पन्नास वर्षं डुगडुगली."

त्या खोलीत बाहेरच्या माणसाला पाय ठेवू देत नाहीत. म्हणजे ज्याला ती फरशी ठाऊक आहे तो तिथं जात होता. वकिलालासुद्धा याच्यापेक्षा बरं सुचलं नसतं. मी आक्काला म्हटलं, हे शब्द असेच ठेव, एक अक्षर बदलू नको.

फेब्रुवारीच्या मध्यावर मावशीला त्रास वाढला. चिठ्ठीची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. तिच्या लेकानं होतं नव्हतं ते करून तिला कोल्हापूरला नेलं. घशाचं ऑपरेशन झालं. परत आली तेव्हा गळ्यावर पट्टी होती आणि आवाज नव्हता. थोडा बसलाय असं नव्हे, गेला. डॉक्टरांनी लेकाला तसं आधीच सांगितलं होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते, चांगलं दिसत नाही तरी. मला वाटलं, बरं झालं आपण आधीच लिहून घेतलं.

मग तो सोमवार. आक्का एकतिसाव्या बाईची जबानी संपवत होती. मी शेजारी बसले होते; तिचं झालं की त्याच डब्यात मी कन्नड करायचे. दोन्ही एकदम छापायचं, मंगळवारी बेळगावात अनगोळला संगणक दुरुस्त करणाऱ्या अण्णांना बोलावून पेनड्राईव्हचं दार उघडून घ्यायचं, बुधवारी झेरॉक्सवाल्याकडं, गुरुवारी बेळगाव, असं सगळं ठरलेलं होतं. लाईट गेली. इन्व्हर्टरनं उचलायला किंचित उशीर केला. लाईट आली. डबा परत सर्व्हर शोधायला लागला.

निळा पडदा आला. कंपनीचं चिन्ह आलं. वही रिकामी. आम्ही केलेला फोल्डर नाही, मराठी कीबोर्ड नाही. सव्वीस जानेवारीची सकाळ जशीच्या तशी.

 आक्कानं हात कीबोर्डवरून उचलून मांडीत ठेवले. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, "झालं काय माझं? जाऊ मी?"

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर फोटो तरी काढायचे होते. काढले होते. दोन. आक्का टाईप करताना पाठीमागून, ग्रुपवर टाकायला. एकात स्क्रीन नुसता पांढरा चमकतो. दुसऱ्यात मावशीच्या जबानीच्या वरच्या तीन ओळी वाचता येतात, आणि त्या तीन ओळी मी सांगितलेल्या आहेत: मी खाली सही करणारी, राहणार निपाणी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. तिथं फोटो संपतो. मावशीचा एक शब्द त्यात नाही.

मंगळवारी तो डबा पिशवीत घालून बेळगावची एसटी धरली. संकेश्वरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बाजूच्या बाईनं विचारलं, काय गं, रेडिओ हाय काय. मी व्हय म्हटलं. डबा मांडीवर होता आणि मला आपलं वाटत होतं, आत कुठंतरी ते असेल, कोपऱ्यात दडलेलं, अण्णा काढतील.

अण्णांचं अनगोळात दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचे, बोलायला कमी. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी मागचा एक स्क्रू काढला आणि झाकण सरकवलं. एक स्क्रू, बस्स. वीस डबे महिनाभर आमच्या खोलीत होते आणि आमच्यातल्या कुणी एक स्क्रू काढला नव्हता.

आत बघण्यासारखं फार काही नव्हतं. पंखा नाही, अर्धा डबा मोकळाच. एक हिरवा बोर्ड, त्याच्या मधोमध पत्र्याची फणी.

"ह्या फणीखाली प्रोसेसर. बोर्डालाच डाग दिलेला. हा बदलता येत न्हाय, मरस्तोवर हाच." बोट सरकलं. "ही रॅम. लॅपटॉपची असती तसली, एकच खाच. चार जीबी. आठ घालता येती. आन् हे..." नखाएवढ्या चिपांची एक छोटी पट्टी त्यांनी दाखवली, "ही ह्याची हार्डडिस्क म्हणायची झाली तर. सोळा जीबी. तीपण कुलूप लावलेली."

कुलूप म्हणजे? त्यांनी सावकाश समजावलं. ह्याला थिन क्लायंट म्हणतात. हा संगणक नव्हे, संगणकाचं तोंड. खरा संगणक दुसरीकडं, त्याला सर्व्हर म्हणतात, सगळं काम तिथं होतं, हा फक्त दाखवतो. म्हणून कंपनीवाले ह्याच्या पट्टीला असं कुलूप लावतात की इथं कुणी काही केलं तरी ते पट्टीवर उतरतच नाही. रॅममध्ये तरंगत राहतं. वीज आहे तोवर आहे. बंद झाला की पुसून परत पहिल्या दिवसासारखा.

"तुमास्नी वीस नळ दिल्यात," अण्णा म्हणाले. "टाकी त्यांच्याकडंच हाय."

मी विचारलं, त्यातनं काही परत काढता येईल का. खर्च किती होईल ते नंतर बघू. त्यांनी माझ्याकडं न बघता झाकण पुसलं.

"पोरी, पुसलेलं असलं तर काढता येतं. हे लिहिलंच गेलं न्हवतं."

तिथनं मी कंपनीत गेले. ओरडायच्या तयारीनं गेले होते. ओरडण्यासारखं काही मिळालं नाही. थंड खोली, चहा, आणि माझ्या सहीचा कागद. वरच्या ओळीत इंग्रजीत थिन क्लायंट असंच लिहिलेलं होतं. खाली माझ्या अक्षरात संगणक. त्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की आम्ही संगणक असं कुठं म्हटलेलंच नाही, ते तुम्ही लिहिलंय मॅडम. सर्व्हरचं विचारलं तर म्हणाले तो कामात आहे. जुने डबे भंगारात घालायचे तर नियम असतात, कागदपत्रं असतात, खर्च असतो. आम्हाला दिले की ते सगळं सुटतं आणि वर फोटो मिळतो. हे ते बोलले नाहीत. हे मी येताना एसटीत जुळवलं.

दोष त्यांचा आहे. मी हे शंभर वेळा म्हणेन. त्यांना माहीत होतं की सर्व्हरशिवाय हे डबे कामाचे नाहीत, आणि त्यांनी पेढे वाटले. पण चेकरसमोर पन्नास वर्षं बसलेल्या बायकांची मी पोर. माल कसा तपासून घेतात हे आमच्या घराघरात ठाऊक आहे. तो जाच रोज सोसून आलेल्या आक्कानं मला तो एकदा तरी वापर म्हटलं, आणि मला पाहुण्यांसमोर लाज वाटली.

बुधवारी आक्कानं हातानं लिहायला घेतलं. जुन्या पत्रकांच्या पाठीवर, दिवसभर. पण बायका परत बसेनात. एकदा सांगितलं की, म्हणायच्या. काहींच्या घरी मुकादम जाऊन आला होता. ज्या बसल्या त्यांनी महिन्याभरापूर्वी जे सांगितलं होतं त्यातलं निम्मंच सांगितलं, घाईत. मावशीच्या नावाचा कागद कोरा. तिला लिहिता येत नाही, आणि आम्ही आठवून लिहिलेलं आमचं झालं असतं, तिचं नव्हे.

गुरुवारी सुनावणी. अधिकारी वाईट माणूस नव्हता, हेही लिहायला पाहिजे. त्यानं हातानं लिहिलेले कागद घेतले, बाजूला ठेवले, म्हणाला तोंडी बोला. कारखान्याचा माणूस समोर खुर्चीत. एकेक बाई उठली, लई वर्षं केलं साहेब म्हणाली आणि बसली. कोणत्या साली, कुणाच्या हातात दिलं, असं विचारलं की गप्प. कारकून कन्नडमध्ये लिहून घेत होता.

मावशीची पाळी आली. मी उठून सांगितलं की तिचं ऑपरेशन झालंय. अधिकारी म्हणाला, ठीक आहे, खुणेनं सांगू दे.

मावशी उभी राहिली. तिनं डाव्या तळहातावर पान ठेवल्यासारखं केलं, उजव्या बोटांनी जर्दा पसरला, वळली, तोंड मिटवलं, दोरा गुंडाळला. हातात काही नव्हतं. मग अजून एक. मग पाटी डोक्यावरून उतरवल्यासारखी केली, आणि खाली बोट दाखवलं. फरशीकडं. कचेरीच्या फरशीवर तिनं बोटानं एक रेघ ओढून दाखवली, कोपऱ्यातून तिरकी.

खोलीत मला आणि आक्कालाच कळलं. मी म्हटलं, साहेब, ती सांगतेय की मागच्या खोलीतली काट्याखालची फरशी तिरकी फुटलेली आहे, जाऊन बघा. कारखान्याचा माणूस लगेच म्हणाला, हे ह्या मॅडमनी पढवलंय. अधिकाऱ्यानं मला बसायला सांगितलं. अर्जदारानं स्वतः दिलेली जबानीच धरता येते, दुसऱ्यानं सांगितलेली नाही. तो बरोबर बोलत होता. स्वतः दिलेली जबानी आमच्याकडं महिनाभर होती.

कारकुनानं मावशीच्या नावापुढं एकच शब्द लिहिला. मी वाकून वाचला. निरुत्तर.

अर्ज फेटाळला नाही, पुरावा अपुरा म्हणून ठेवून दिलाय. नवा पुरावा आणला तर परत ऐकू म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवसांत कारखान्याच्या मागच्या खोलीत नवी फरशी बसली. ती बसवणारा गवंडी आमच्याच गल्लीतला. त्यानंच येऊन सांगितलं आणि सांगताना माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

उरले वीस डबे. माझा पहिला विचार ते टेम्पोत घालून कंपनीच्या दारात ओतायचा होता. पत्रकही लिहून तयार होतं. आक्का म्हणाली, ओतून तुझा फोटो येईल, मला लिहायला काय उरंल?

मग अण्णा निपाणीला आले आणि आम्ही तिघांनी दोन रविवार बसून वीसच्या वीस डबे उघडले. ह्या खेपेला आक्का चेकर. ती एकेक झाकण सरकवायची, आत बघायची आणि छाट म्हणून बाजूला ठेवायची किंवा पुढं करायची. चार डब्यांत रॅमच नव्हती, कुणीतरी आधीच काढून घेतलेली. दोघांचा बोर्ड फुगलेला. तिघांचा अ‍ॅडॅप्टर भलत्याच पिनचा. अण्णांनी तीन वाटा सांगितल्या. एक, कुठून तरी मोठा संगणक आणून त्याला सर्व्हर करायचं आणि हे जसे आहेत तसे त्याला जोडायचे. पण तो एक बंद पडला की सगळेच आंधळे. दोन, प्रत्येकाची पट्टी आणि रॅम बदलून प्रत्येकाला स्वतःच्या पायावर उभं करायचं. तीन, भंगार.

आम्ही दुसरी वाट धरली, पण जमलं तेवढीच. अण्णांच्या ड्रॉवरमध्ये मेलेल्या लॅपटॉपांच्या रॅम होत्या. नव्या पट्ट्या फक्त पाच मिळाल्या. बोर्डावर बॅटरीशेजारी दोन पिना आहेत, त्या जोडल्या की कंपनीचा पासवर्ड निघून जातो; मग पेनड्राईव्ह लागतो, मग फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसते. पाच डबे उभे राहिले. वेगाचं म्हणाल तर बैलगाडी. त्यावर व्हिडिओ नीट चालत नाही, दोन पानं उघडली की धापा टाकतो, आणि प्रोसेसर बदलता येत नाही म्हणजे पुढंही असाच राहणार. पण लिहिलेलं राहतं.

राहतं हे आम्ही कुणाच्या शब्दावर घेत नाही. आक्कानं तिथं एक रीत घातली आहे. बाईची जबानी लिहून झाली की आक्का डबा बंद करते. वायर उपसते. बाईलाच परत लावायला लावते. चालू झाला की तिचं तिला वाचून दाखवते, आणि मग अंगठा घेते. वेळ लागतो. एक बाई म्हणाली, एवढं कशाला गं, विश्वास हाय की तुझ्यावर. आक्का म्हणाली, "माझ्यावर असू दे. डब्यावर ठेवू नको."

स्विचवरचा माझा कागद तिनं काढला नाही. त्यातलं "नका" तेवढं खोडलंय.

मावशी ह्या पावसाळ्यात दोनदा कोल्हापूरला जाऊन आली. कार्ड नाही, चिठ्ठी नाही, जे होतंय ते लेकाच्या अंगावर. ती अजून रोज दुपारी समाजमंदिरात येते, आक्काच्या शेजारी बसते. कुणी बाई कारखान्यातलं काही चुकीचं सांगायला लागली की तिच्या दंडाला धरते आणि मान हलवते. आक्का तिथं थांबते, परत विचारते. पण मावशीची स्वतःची जबानी कोरी आहे, आणि ती फरशी आता गुळगुळीत आहे.

म्हणून आता मागणी. कंपनीकडं नाही, सरकारकडं नाही. तुमच्याकडं. तुम्ही कधी त्या मागच्या खोलीत गेला असाल, चेकर म्हणून, कारकून म्हणून, पोती उचलायला, गाडी भरायला, नाहीतर नुसते कुणाला बोलवायला, तर तुमच्या पायाखाली ती तिरकी फुटलेली फरशी आली आहे आणि तिच्यावर डुगडुगणारी पाटी तुम्ही पाहिली आहे. तुम्हाला आवाज आहे. निपाणीला या. समाजमंदिराची मागची खोली सकाळी दहाला उघडते. आक्कासमोर बसा, जे पाहिलं ते सांगा, डबा बंद करून चालू होईपर्यंत थांबा, वाचून घ्या, आणि मग खाली सही करा.